पद्मिनीचं इंजिन जाम झालंय: ब्लॉक न गमावता हेड आणि पिस्टन कसे सोडवायचे?

गिरगावची:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांची. १०८९ सीसीचं मूळचं पेट्रोल इंजिन, कधीच बदललेलं नाही. बाबांची नजर अधू झाली तेव्हापासून गाडी इमारतीच्या मागच्या चौकात ताडपत्रीखाली उभी आहे. चौपाटी जवळच, म्हणजे खारी हवा बारा महिने. त्यात पावसाळ्यात ताडपत्रीखाली किती दमट होतं ते मुंबईकरांना सांगायला नको.

बॉडीचं काम काढण्याआधी इंजिन तपासावं म्हणून पुढच्या पुलीच्या नटाला गोटी पाना लावला, पण पुली तसूभरही हलत नाही. चारही प्लग निघाले. तीन ठीक आहेत, तिसऱ्या सिलिंडरचा मात्र तांबड्या भुकटीने माखलेला आहे. जवळच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, "भंगारात टाका, दुसरं हाफ इंजिन बसवून देतो." मला ते नको आहे. आरसी बुकात जो इंजिन नंबर आहे तोच ब्लॉक, म्हणजे चार सिलिंडर असलेला इंजिनाचा ओतीव सांगाडा, मला परत चालू करायचा आहे.

मी आणि माझा मामेभाऊ दोघं मिळून काम करणार आहोत. हत्यारं बऱ्यापैकी आहेत, वेळ आहे, घाई अजिबात नाही. कुठून सुरुवात करावी?

लेथमास्तर:
ताई, नंबरचा ब्लॉक वाचवायचं ठरवलंत हे फार चांगलं केलंत. मी कुर्ल्याला उमेदवारी केली आणि नंतर जन्मभर टर्नर-फिटरचं काम केलं. ही इंजिनं पुष्कळ उघडली आहेत.

पहिली गोष्ट: इंजिनच जाम आहे हे आधी पक्कं करा. पुली फिरत नाही म्हणजे पिस्टन चिकटले असा अर्थ लगेच काढू नका. गाडी न्यूट्रलला आहे ना? फॅन बेल्ट काढा, डायनामो किंवा वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) जाम असली तरी पुली अडते. मग सेल्फ (स्टार्टर मोटर) पूर्ण खाली उतरवा. सेल्फचं पिनियन फ्लायव्हीलच्या दातांत अडकून बसलं तर अख्खं इंजिन जाम झाल्यासारखं वाटतं, आणि सेल्फ काढल्याबरोबर मोकळं होतं. हे सगळं करूनही हललं नाही तर पुढचं बोलू.

दुसरी गोष्ट: ऑइल चेंबरचा ड्रेन नट हळूच सैल करा, पूर्ण काढू नका. आधी पाणी येतं की तेल ते बघा. पाणी जड, ते तळाला बसलेलं असतं. पाणी आलं तर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, बेअरिंगांपर्यंत गंज गेला असेल असं धरून चालायचं.

ठाणेकर:
एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे पूर्वी अशी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने दोरीने ओढायचे. चाकं फिरली की इंजिन सुटायचं.

लेथमास्तर:
ठाणेकर, सुटायचं हे खरं. पण सुटताना आत काय व्हायचं ते बाहेरून कळत नसे. पिस्टनच्या रिंगा ओतीव लोखंडाच्या, ठिसूळ. त्या सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरलेल्या असतात. झटक्याने ओढलं की रिंगा तुटतात, तुकडे बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) उभे चरे पाडतात, आणि जे काम साध्या होनिंगने, म्हणजे भिंत हलकी घासून, झालं असतं ते स्लीव्हवर, म्हणजे आत नवी नळी बसवण्यावर, जातं. दुसरं म्हणजे एखादा व्हॉल्व्ह उघडा राहून गाइडमध्ये (त्याच्या नळीत) अडकला असेल तर वर येणारा पिस्टन त्यावर आपटतो आणि व्हॉल्व्ह आणि तो उघडणारी काडी, म्हणजे पुश रॉड, दोन्ही वाकतात. कनेक्टिंग रॉड वाकला तर तो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, नंतर बेअरिंग खात बसतो. ताईंना ब्लॉक वाचवायचा आहे. दोरीचं नाव काढू नका.

ठाणेकर:
पटलं, मास्तर. व्हॉल्व्हचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता.

रसायनवाला:
मी रसायनशास्त्र शिकवतो, गाड्यांचा नाद आहे. तेल काय घालायचं यावर थोडं.

गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात मुळात काही शतांश मिलिमीटरची फट, ती या गंजाने ठासून भरते. त्या फटीत शिरेल इतकं पातळ द्रव हवं. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल, आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं हे मिश्रण चांगलं काम करतं. दोन्ही एकमेकांत नीट विरघळत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली जोरात हलवून लगेच ओतायचं. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं घाला, रोज बघा, पातळी उतरली की पुन्हा घाला. एका सिलिंडरमधून झरझर उतरतंय आणि दुसऱ्यात तसंच उभं आहे असं दिसलं तर जिथे उभं आहे तिथे रिंगांभोवती गंज घट्ट आहे असा अंदाज बांधता येतो. व्हॉल्व्ह उघडा असेल तर तिकडूनही तेल जाऊ शकतं, एवढं लक्षात ठेवा.

ॲसिटोन कमालीचं ज्वालाग्राही आहे, शून्याखालच्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेते. चौकात कुणी विडी ओढत असेल तर काम थांबवा. त्या दिवशी गॅस वेल्डिंग, ग्राइंडर काहीही चालवायचं नाही. रंगावर आणि रबरावर थेंब पडू देऊ नका.

इंटरनेटवर दोन उपाय फार दिसतात, ते या इंजिनावर करू नका. एक, मळीच्या पाण्यात भिजवणं. दुसरा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढणं. नुसत्या ओतीव लोखंडाला दोन्ही उत्तम. पण तुमचे पिस्टन आणि हेड (ब्लॉकवरचं व्हॉल्व्हवालं झाकण) ॲल्युमिनियमचे आहेत. सोड्याचं पाणी ॲल्युमिनियम खातं, मळीही त्याला सोडत नाही. पिस्टन बाहेर आल्यावर रिकाम्या ब्लॉकसाठी हे उपाय वापरता येतील. आणि चार्जरवाल्या उपायात स्टेनलेसची पट्टी लावायची नाही, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. साधं लोखंड लावा.

टॅक्सीवाल्याचा पोर:
आमच्या अण्णांनी आयुष्यभर पद्मिनी टॅक्सी चालवली. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली तेव्हा अण्णा दिवसभर जेवले नाहीत. ताई, हे इंजिन भंगारात देऊ नका, एवढंच सांगायला लॉगिन केलं.

सामानाचं म्हणाल तर पिस्टन-रिंगांचे सेट, गॅस्केट, बेअरिंग अजून मिळतात, पण शोधावं लागतं. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आधी विचारा, मग कुर्ल्याला सीएसटी रोडला. हत्यारं, टॅप, ड्रिल, एमएसची (साध्या पोलादाची) पट्टी हवी असेल तर नागदेवी स्ट्रीट. ॲसिटोन प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे मिळेल. जुना पार्ट हातात घेऊन जा. नुसतं तोंडी सांगून आणलेला पार्ट बसत नाही.

गिरगावची:
सगळ्यांचे मनापासून आभार. न्यूट्रल बघितलं, बेल्ट काढला, सेल्फ खाली उतरवला, तरी पुली जागची हलत नाही. म्हणजे आतच अडकलंय. ड्रेन नट सैल केल्यावर आधी चमचाभर पाणी आलं, मग काळं तेल. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या सिलिंडरच्या भिंती तपकिरी पण गुळगुळीत आहेत. तिसऱ्यात पिस्टन साधारण मध्यावर आहे आणि त्याच्या वर भिंतीवर तांबड्या खवल्यांचं कडं धरलंय. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अर्धा उघडा दिसतोय.

लेथमास्तर:
मग उलगडा झाला. इंजिन थांबलं तेव्हा तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला, आणि इतकी वर्षं सायलेन्सरच्या नळीतून दमट हवा थेट त्या सिलिंडरमध्ये येत-जात राहिली. बाकी तिघांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होते, म्हणून ते वाचले.

पिस्टन मध्यावर आहे हे तुमच्या फायद्याचं. तो अगदी टोकाला, वर किंवा खाली असता तर वरून कितीही दाबलं तरी क्रँक फिरला नसता, कारण रॉड सरळ रेषेत येतो. चार सिलिंडरच्या या इंजिनात १ आणि ४ एकत्र चालतात, २ आणि ३ एकत्र. म्हणजे चारही मधल्या जागी आहेत.

तेलाचं भिजत घालणं चालू ठेवा. रोज एकदा पुलीला पाना लावून आधी उलट्या आणि मग सुलट्या दिशेने फक्त दाब द्यायचा. हाताने जेवढा येईल तेवढाच. पान्याला पाइप लावून लांब करायचा नाही. केसाएवढं जरी हललं तरी पुढे रेटू नका, परत मागे न्या, पुन्हा पुढे आणा. गंजाची भुकटी तेलात मिसळून बाहेर यायला वाट मिळाली पाहिजे.

त्याआधी व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा शाफ्ट उतरवून पुश रॉड काढून घ्या. त्याने व्हॉल्व्ह आपापल्या स्प्रिंगने मिटतील. न मिटलेला व्हॉल्व्ह कळेलच. पुश रॉड कुठला कुठे होता ते पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. झिजलेले भाग एकमेकांना जुळलेले असतात.

अँबॅसिडर१४८९:
माझ्या ॲम्बॅसिडरच्या वेळी मी ग्रीस गनचा उपाय केला होता. प्लगच्या जागी ग्रीस निपल बसवलेला अडॅप्टर लावला आणि सिलिंडर ग्रीसने भरून दाब दिला. पिस्टन हलला. इथे चालेल का?

लेथमास्तर:
चालतो, पण जोर केवढा लागतो ते आधी समजून घ्या. पद्मिनीच्या पिस्टनचा व्यास ६८ मिमी, म्हणजे माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस सेंटिमीटर. ग्रीस गनने चौरस सेंटिमीटरला १०० किलोचा दाब दिला तरी पिस्टनवर साडेतीन टनांहून जास्त भार येतो. तेवढाच भार हेडला वर ढकलतो. ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं हेड ओतीव लोखंडाचं, ते सोसतं. पद्मिनीचं ॲल्युमिनियमचं, प्लगचे आटेही ॲल्युमिनियममध्ये. मी इथे हा उपाय करणार नाही. शिवाय ताईंना हेड उतरवायचंच आहे, मग आत ग्रीस कोंबून काय साधणार?

बोरिवलीची मंजिरी:
थोडं विषयांतर होतंय, पण माझा प्रश्न याच जातीचा आहे. आमच्या जुन्या फियाटच्या हेडमध्ये थर्मोस्टॅटच्या झाकणाचा एक बोल्ट आतच तुटलाय, आटे बाहेर अजिबात नाहीत. मेकॅनिक इझी आउट, म्हणजे बोल्टात भोक पाडून आत पिळायचा उलट्या आट्यांचा खिळा, लावतो म्हणतोय. लावू द्यावं का?

लेथमास्तर:
इझी आउट फार कडक पोलादाचं असतं. गंजलेल्या बोल्टमध्ये ते पिळताना आतच मोडलं तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही. मग स्पार्क इरोजनच्या, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या, मशीनवर न्यावं लागतं. मुंबईत डाय बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये ते मशीन असतं, पण हेड उतरवून न्यावं लागेल.

मी आधी तुटलेल्या बोल्टच्या तोंडावर नट ठेवून नटाच्या भोकातून आर्क वेल्डिंग करतो. वेल्डिंगचं पोलाद ॲल्युमिनियमला धरत नाही, फक्त बोल्टला धरतं. आणि वेल्डिंगच्या उष्णतेने बोल्ट आतून तापून निवतो, त्याची पकड सुटते. गरम असतानाच नटाच्या बाजूला मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत उतरतं. थोडं निवल्यावर पाना लावून मागे-पुढे, मागे-पुढे. पहिला नट तुटला तर दुसरा लावायचा. एकदा ॲसिटोन वापरलेल्या जागी मात्र वेल्डिंग लावण्याआधी सगळं पुसून, सुकवून घ्या.

रसायनवाला:
मंजिरीताई, हेड खाली उतरलेलं असेल तर अजून एक मार्ग आहे, आणि तो तुमच्या किराणा दुकानात मिळतो. तुरटी! गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवा, मातीचं आळं करून फक्त त्या भोकावर ते पाणी उभं ठेवा, आणि पाणी सतत गरम राहू द्या. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं, ते पोलाद हळूहळू विरघळवतं आणि ॲल्युमिनियमला फारसं लागत नाही. बारीक बुडबुडे येताना दिसतील. घड्याळं दुरुस्त करणारे पितळी पट्टीत तुटलेला स्क्रू असाच काढतात. वेळ खूप लागतो, पण आट्यांना धक्का लागत नाही. ब्लॉकवर चुकूनही करू नका, तिथे बोल्टबरोबर ब्लॉकही विरघळेल.

बोरिवलीची मंजिरी:
वा! हे कुठेच वाचलं नव्हतं. हेड उतरलेलंच आहे. आधी तुरटी, मग वेल्डिंग. आभार.

गिरगावची:
मास्तर, रॉकर आणि पुश रॉड काढले. हेडचे नट बाहेरच्या टोकांकडून मधल्यांकडे, थोडे थोडे करत सोडले. सगळे निघाले. पण हेड ब्लॉकवरून उठत नाही. रबरी हातोडीने बाजूने ठोकून बघितलं. कानोसा घेतला तर पुढच्या बाजूचे दोन स्टड (ब्लॉकमधून हेडच्या आरपार येणारे आटेदार दांडे) अडकलेत असं वाटतं, तिथला आवाज बद्द येतो. स्टडभोवती पांढरी भुकटी आहे.

मामेभावाचं म्हणणं, फटीत छिन्नी घालून उचलू या. मी थांबवलंय.

रसायनवाला:
पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड. पोलादी स्टड, ॲल्युमिनियमचं हेड आणि मध्ये खारट ओलावा असं तिहेरी एकत्र आलं की तिथे छोटी बॅटरीच तयार होते, आणि तीत ॲल्युमिनियम झिजतं. ती भुकटी स्टड आणि भोक यांच्यात सिमेंटसारखी बसते. तुमच्या गॅलरीतल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या स्क्रूंभोवती हेच दिसेल.

लेथमास्तर:
छिन्नी घालू दिली नाहीत, शाबास. हेडचा खालचा पृष्ठभाग मऊ असतो. छिन्नीचा एक ओरखडा पडला तरी गॅस्केट तिथून गळतं, आणि मग हेड घासून घ्यावं लागतं.

आता क्रमाने करा. दोन नट एकाच स्टडवर चढवा, एकमेकांवर घट्ट आवळा आणि खालच्या नटाला पाना लावून स्टडच ब्लॉकमधून उलगडायचा प्रयत्न करा. स्टड निघाला तर प्रश्नच मिटला. त्याआधी स्टडभोवतीच्या ॲल्युमिनियमला हॉट एअर गनने गरम करा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे भोक मोठं होतं. गॅसची ज्योत नको. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि वितळण्याआधी लाल होऊन इशाराही देत नाही. त्याच्या कितीतरी आधी त्याचा कडकपणा जातो. थुंकीचा थेंब चरचरला की पुरे.

तेवढ्याने नाही जमलं तर लेथवाल्याकडून एक करवती नळी करून घ्या. पोलादाची पातळ नळी, आतला व्यास स्टडवरून जेमतेम सरकेल एवढा, आणि एका टोकाला कानसीने दात पाडलेले. ती ड्रिल मशीनला लावायची, स्टडवर घालायची आणि अगदी कमी वेगाने खाली उतरवायची. स्टड आपोआप वाट दाखवतो. दात फक्त ती पांढरी भुकटी कापत खाली जातात. थोड्या थोड्या वेळाने नळी वर घेऊन चुरा फुंकून टाका, रॉकेलचे दोन थेंब सोडा. हेडचं भोक किंचित मोठं झालं तरी काही बिघडत नाही, तिथे स्टडला फक्त आरपार जायचं असतं.

आणि वर उचलण्यासाठी जाड एमएसची पट्टी, रॉकरच्या स्टँडचे जे आटे हेडमध्ये आहेत त्यांना कसलेली. पट्टीत अडकलेल्या स्टडच्या बरोबर वर आटे पाडून बोल्ट घाला, बोल्टचं टोक स्टडच्या डोक्यावर टेकवा. दोन्ही बोल्ट आळीपाळीने पाव-पाव फेरा. स्टड खाली दाबला जातो, हेड वर येतं. प्रत्येक फेऱ्यानंतर हेडच्या बाजूला लाकडी मोगरीने हलकेच ठोकायचं आणि थांबायचं. बोल्ट एकदम जड वाटला तर पुढे जाऊ नका, नाहीतर हेडमधले आटे उपटून येतील.

अँबॅसिडर१४८९:
प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरून क्रँक फिरवला की पिस्टन हेडला वर ढकलतो, ही युक्ती कुणी सुचवण्याआधीच सांगतो: ती फिरत्या इंजिनाची. इथे क्रँकच जाम आहे.

गिरगावची:
हेड निघालं!

एक स्टड दोन नटांनी निघाला. दुसऱ्याला करवती नळी लागली. नळी खाली जाताना आधी पिठासारखी पांढरी भुकटी वर येत होती. मग ती ओलसर करडी झाली, आणि एका क्षणी ड्रिलचा आवाज एकदम हलका झाला. त्यानंतर पट्टीचे बोल्ट थोडे फिरवल्यावर गॅस्केट एका कोपऱ्यातून सुटल्याचा चर्र आवाज आला. हेडच्या पृष्ठभागावर एकही ओरखडा नाही.

तिसरा पिस्टन तसाच घट्ट. बाकी तीन सिलिंडर चांगले दिसतात. आता?

लेथमास्तर:
आता अर्धी लढाई जिंकलीत. पुढचं नीट वाचा.

इंजिन गाडीतून बाहेर काढून उलटं करा, ऑइल चेंबर उतरवा. प्रत्येक कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप यांच्यावर पंचने १ ते ४ खुणा करा, एकाच बाजूला. कॅपांची अदलाबदल झाली तर बेअरिंग गोल बसत नाही. फक्त तिसऱ्याची कॅप सोडा. तिसरा मोकळा झाला की बाकीचे तीन हाताने फिरतील असा माझा अंदाज आहे. फिरले तर ते तिन्ही काढून क्रँकही काढून घ्या. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, म्हणजे क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर) चरा पडणार नाही.

तिसऱ्या पिस्टनच्या वरचं गंजाचं कडं आधी साफ करा. पिस्टन वरच्या बाजूने निघणार, त्या खवल्यांवर रिंगा अडकल्या तर पुन्हा जाम. बारीक पॉलिश पेपर रॉकेलमध्ये भिजवून गोल फिरवत घासा, उभं नको. भुकटी पुसून घ्या, आत राहू देऊ नका.

मग ६८ मिमीच्या बोअरमध्ये सैलसर जाईल असा लाकडाचा गोल ठोकळा लेथवर करून घ्या. पहिला ठोका वरून खाली, पिस्टनच्या माथ्यावर. उलट दिशेने थोडा हलवला की गंजाची पकड मोडते. मग खालून वर.

रसायनवाला:
इथे एक गणित सांगतो. पुष्कळ जण ब्लॉक गरम करतात, पण त्याने पिस्टन जास्त घट्ट होतो. ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. १०० अंशांनी तापवलं तर ६८ मिमीचा पिस्टन सुमारे ०.१५ मिमी फुगेल आणि बोअर त्याच्या निम्म्याने. म्हणून उलटं करा, पिस्टन थंड करा. ड्राय आइस उणे ७८ अंशांचा असतो, आइस्क्रीम आणि औषधं पाठवणाऱ्यांकडे मिळतो. तुकडे पिस्टनच्या माथ्यावर भरा, थोड्या वेळाने बाहेरून ब्लॉकला हॉट एअर गनने हलकं गरम करा. पिस्टन आकसतो, बोअर फुगतो, मधली फट वाढते. त्या क्षणी ठोकळ्याने ठोका.

जाड हातमोजे घाला, आणि हे चौकातच करा, बंद खोलीत नाही. ड्राय आइसची वाफ म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो खाली साठतो.

टॅक्सीवाल्याचा पोर:
आणि एवढं करूनही नाही निघाला तर, मास्तर?

लेथमास्तर:
तर पिस्टन फोडायचा. पिस्टनच्या माथ्यावर मध्यभागी भोकं पाडत जायचं, कडेपासून लांब राहून, आणि तुकडे आतल्या बाजूला कोसळवायचे. छिन्नीचं टोक सिलिंडरच्या भिंतीकडे कधीच वळवायचं नाही. पिस्टनचा सेट दुकानात मिळतो, नंबरचा ब्लॉक मिळत नाही.

नंबरवरून सांगतो. ब्लॉक बदलला तर आरटीओत इंजिन बदलल्याची नोंद करावी लागते, त्याची कागदपत्रं वेगळी. आणि २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळू शकतो. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी त्यात अट आहे. तुमच्या गाडीला ५० वर्षं २०३४ ला पूर्ण होतील.

गिरगावची:
निघाला! पिस्टन फोडावा लागला नाही. ड्राय आइस भरल्यावर माथ्यावर पांढरं दव धरलं, ब्लॉक मात्र हाताला कोमट लागत होता. वरून ठोकळ्यावर ठोकल्यावर आधी काहीच नाही, मग आवाज बदलला आणि पिस्टन नखभर खाली गेला. मामेभाऊ ओरडलाच. तिथून पुढे खालून वर यायला थोडा वेळ लागला, पण सरळ आला. वरची रिंग तीन तुकड्यांत होती, सगळे तुकडे खाचेतच सापडले. मास्तर म्हणाले तसं, बाकी तीन पिस्टन तिसरा सुटल्यावर हाताने फिरले.

बाबांना खाली आणून पिस्टन हातात दिला. त्यांनी अंगठ्याने स्कर्टवरून (पिस्टनच्या खालच्या घेरावरून) पुसून बघितलं आणि विचारलं, "स्टँडर्ड आहे की ओव्हरसाइज?" माथ्यावर काहीच कोरलेलं नाही, म्हणजे कारखान्यातून आला तसाच.

आता भिंत: जिथे पिस्टन बसला होता तिथे बोटाला जाणवतील असे खड्डे आहेत. नख अडकतं. होनिंगने जातील का?

लेथमास्तर:
नख अडकतं म्हणजे होनिंगचं काम नाही. बोअर आजवर स्टँडर्ड आहे, ही मोठी जमेची बाजू. २० थाऊ (इंचाचे हजारांश) ओव्हरसाइज बोअर केल्यावर खड्डे जातात का ते बोरिंगवाला डायल गेजने मापून सांगेल. नाही गेले तर ४०. पण एका सिलिंडरसाठी चारही मोठे करायला मी नाखूश आहे. त्यापेक्षा तिसऱ्याला स्लीव्ह घाला आणि चारही स्टँडर्डला ठेवा. खर्च थोडा वाढेल, पण पुढच्या पिढीला रीबोअर करायला जागा शिल्लक राहील.

ब्लॉक नेताना मेन बेअरिंगच्या कॅपा जागेवर कसून न्या, सुट्या नेऊ नका. कॅपा कसल्यावर ब्लॉकचा आकार किंचित बदलतो, आणि माप त्याच अवस्थेत घ्यायला हवं. वॉटर जॅकेटचे प्लग काढून आतला गाळ आधी धुऊन घ्या, नाहीतर नवं इंजिन पहिल्याच उन्हाळ्यात तापेल. आणि आत्ता, आजच, चारही बोअरना ग्रीसचा हात फिरवा. उघडं लोखंड या हवेत रात्रभरात तांबडं पडतं.

गिरगावची:
ग्रीस लावलं, वर प्लास्टिक गुंडाळलंय. स्लीव्हचंच करायचं ठरवलं, बाबांचंही तेच मत पडलं. ब्लॉक कुर्ल्याला बोरिंगला जातोय, कॅपा कसून. क्रँकच्या जर्नलची मापं घेतली की बेअरिंगांसाठी नवा धागा काढते.